बारमाही चीक

चिंतामणी सोहोनी भावी सासऱ्यांशी पहिल्यांदा खोटं बोलला तो वैशाख होता, आणि निदान तेवढ्यापुरतं त्याचं खोटं हंगामाला धरून होतं.

संगमेश्वरला मुलगी बघायचा कार्यक्रम होता. पोह्यांची बशी घ्यायला त्याने हात पुढे केला, शर्टाची बाही मागे सरकली आणि मनगटावरचा लालसर, खरबरीत पट्टा मुलीच्या वडिलांच्या नजरेस पडला.

"हातास काय झालं?"

"आंब्याचा चीक उडाला," चिंतामणी म्हणाला.

रत्नागिरी जिल्ह्यात वैशाखात असं सांगणाऱ्याला कोणी पुढे काही विचारत नाही. तिथे त्या महिन्यात निम्म्या गावाच्या हातातोंडावर चीक उडालेलाच असतो. पण भावी सासरे बागायतीचे शौकीन निघाले. ते खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे घरची कलमं आहेत?"

"आहेत ना. पावसला. सात." (सातच का, हे त्याला स्वतःलाही पुढे कधी सांगता आलं नाही. आठ म्हणणं त्या क्षणी हावरटपणाचं वाटलं असावं.)

खरं सांगायचं तर चिंतामणीच्या मालकीचं झाड एकच, भाड्याच्या बिऱ्हाडाच्या पायरीवर तेलाच्या डब्यात लावलेली तुळस. आणि हाताला जो होता तो इसब. तीन वर्षांचा असल्यापासून तो त्याच्या सोबतीला होता. मनगटांना, कोपरांच्या आतल्या घडीत आणि घोट्यांना. यमुनाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, त्याला कायम लांब बाह्यांचे शर्ट शिवले, शाळेत पायमोजे घालून पाठवलं आणि बजावलं, "कुणी विचारलं तर काहीतरी सांग. पण इसब म्हणू नकोस. मेलं मुलगी देणार नाही कोणी." चिंतामणी तेव्हा दुसरीत होता.

मुलगी मिळाली. तिचं नाव वासंती. मार्गशीर्षात लग्न झालं आणि मग चिंतामणीची खरी ओढाताण सुरू झाली, कारण आंबा दोन महिन्यांत संपतो आणि इसब काही संपत नाही. पण माणूस कोर्टात नकलाकारकून होता. दुसऱ्यांचे जबाब उतरवून उतरवून त्याला जबाब द्यायची कला साधली होती. फाल्गुन-चैत्रात काजूबिया भाजताना तेल उडायचं. वैशाख-ज्येष्ठ चिकाचे. पावसाळ्यात चिखल्या. दिवाळीच्या आगेमागे रानात खाजकुयली पिकते, तिची कुसळं वाऱ्यावर कुठूनही येतात. पौष-माघ तेवढे अडचणीचे. तेव्हा तो थंडीला दोष द्यायचा, आणि रत्नागिरीची थंडी बिचारी निमूट ऐकून घ्यायची. भर उन्हात पूर्ण बाह्या नि पायमोजे घालून जाणारा हा कारकून बघून कोर्टातले शिपाई त्याला मागून 'जज्जसाहेब' म्हणायचे.

आणि ती सात कलमं? त्यांच्यावर चुलतभावांनी दावा लावलाय, असं त्याने सांगून टाकलं होतं. आपल्याकडे कलमांवर दावा आहे म्हटल्यावर नऊ वर्षं काय, तीन पिढ्यासुद्धा कोणी निकाल विचारत नाही. दर वैशाखात तो बाजारातून एक पेटी घेई, वरचं लेबल खरवडून काढी आणि 'वहिवाटीतला वाटा' म्हणून सासऱ्यांना पाठवून देई. सासरे उत्तरात लिहीत, 'आपल्या कलमांची गोडीच निराळी.'

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, जर उमा झाली नसती. म्हणजे उमा झाली ही आनंदाचीच गोष्ट. पण ती सहा महिन्यांची असताना तिचे गाल लाल झाले, वर्षाची झाल्यावर कोपरांच्या घडीत चट्टे उठले, आणि पुढे गुडघ्यांमागे नि घोट्यांना. झोपेत ती इतकी खाजवायची, की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे. वासंती तिच्या हातांना जुन्या पायमोज्यांच्या पिशव्या बांधून निजवायची. (पायमोज्यांना त्या घरात तोटा नव्हता.)

चिंतामणीने पहिल्याच दिवशी ओळखलं. आपलंच अक्षर आपण ओळखावं तसं ओळखलं. पण तो गप्प राहिला.

"आमच्या घराण्यात नाही हो असलं काही," यमुनाबाई शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "आईकडून आलं असणार. डोहाळ्यांत वांगी नि कैऱ्या कमी खाल्ल्या हिने?"

वासंतीने मान खाली घातली. ती मान सात वर्षं खालीच राहिली. सात वर्षं तिने वांगी, आमसूल, फणस, आंबा सगळं मुलीचं बंद केलं. कडुनिंबाच्या कढत पाण्याने तिला न्हाऊ घातलं, करंजाचं तेल चोळलं, कोणी सांगितलेला उग्र लाल साबण घासला. जितकं घासलं तितकं ते चिडलं. आणि ज्याला हे सगळं तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या कातडीवर सोसून ठाऊक होतं, तो गृहस्थ त्या वेळी नेमका भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असायचा. यात विनोद काही नाही. मी तो करूही शकत नाही.

पंचाऐंशी साली श्रावणात कोल्हापूरहून एक चामडीचे डॉक्टर महिन्यातून एकदा रत्नागिरीत येऊ लागले. वासंतीने हट्टच धरला. मंडळी निघाली, यमुनाबाईसुद्धा, साक्षीला.

डॉक्टरांनी उमाला खुर्चीवर बसवलं, तिचे हातपाय पाहिले आणि तिलाच विचारलं, "खूप खाजतं?"

"खाजतं. पण खाजवलं की आजी ओरडते."

"ओरडणारच. पण खाज आली की करायचं काय, ते तिने सांगितलं का? बघ, असं थोपटायचं. हळू. नाहीतर गार पाण्याचं फडकं ठेवायचं." मग ते मोठ्यांकडे वळले. "हा इसब आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अस्वच्छतेने होत नाही. कढत पाणी बंद, तो साबण बंद. कोमट पाण्याने दोन मिनिटांत आंघोळ, टिपून पुसायचं आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल नाहीतर व्हॅसलीन भरपूर लावायचं. दिवसातून दोन-तीनदा. नखं कापलेली, कपडे सुती. आणि खाऊ दे तिला सगळं. एखादी वस्तू खाल्ली की त्रास वाढतो असं तुमच्या ध्यानात आलं, तर मला सांगा, मग बघू."

"फणसपोळी?" उमाने विचारलं.

"फणसपोळी आधी."

वासंतीने हळूच विचारलं, "बरा होईल ना?"

"येत-जात राहतो. बऱ्याच मुलांचा मोठेपणी कमी होतो. काहींचा राहतो. सांभाळायचा." डॉक्टरांनी कागद ओढला. "घरात कुणाला आहे? इसब, दमा, सारख्या शिंका? बहुधा आईबापांपैकी कुणाकडून तरी येतो."

वासंती पदराच्या टोकाकडे बघत राहिली. 'काहींचा राहतो' यातले जे काही, त्यांतला एक दाराशी पूर्ण बाह्यांत उभा होता.

"आमच्याकडे नाही हो," यमुनाबाई म्हणाल्या. "हिच्या माहेरी बघा."

डॉक्टरांची नजर चिंतामणीच्या मनगटावर गेली. "आणि तुमच्या हाताला काय?"

चिंतामणीने मनातल्या मनात महिना पाहिला. श्रावण. "चिखल्या," तो म्हणाला.

"मनगटाला?"

"आमच्याकडे पाऊस फार असतो."

डॉक्टर घाटावरचे होते. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "असेल," ते म्हणाले, आणि एक मलमाची ट्यूब वासंतीच्या हातात दिली. "हे इथे दुकानात मिळायचं नाही, म्हणून मी बरोबर आणतो. चिडलेल्या जागी, पातळ, आठवडाभर, मग थांबायचं. पुन्हा उठलं तर पुन्हा. पुढच्या खेपेपर्यंत पुरवा."

मुलीचं अंग पंधरा दिवसांत निवळलं. नुसत्या खोबरेलाने आणि साबण बंद केल्याने तिची कातडी मऊ झाली. उमा रात्रभर झोपू लागली. आणि गणपतीत घरमालकीण मालनकाकू आरतीला आल्या, त्यांनी उमाचा गाल कुरवाळला. "कशी गो छान दिसत्येस! यंदा नवरात्रात अष्टमीला कुमारिका म्हणून माझ्याकडे यायचं हो."

उमाला आजवर कोणी कुमारिका म्हणून बोलावलं नव्हतं. वाड्यातल्या बाकीच्या मुली दरवर्षी जात, पायांवर कुंकवाची स्वस्तिकं मिरवत नि हातात नव्या बांगड्या वाजवत परत येत. त्या दिवसापासून उमाने सराव सुरू केला. पाटावर बसायचं, परकर घोट्यापर्यंत सावरायचा, पाय अलगद पुढे करायचे. "आई, काकू आधी उजवा धुतात की डावा?"

आता चिंतामणीच्या हातून काय झालं ते सांगतो. त्याला वाटलं, मुलीला लावतोय ते मलम बापाने एकदा स्वतः लावून पाहावं. जबाबदारी म्हणून. (आपली सगळी पापं जबाबदारी म्हणूनच सुरू होतात.) न्हाणीघरात कडी लावून त्याने ट्यूब दाबली. तिसऱ्या दिवशी मनगट शांत झालं. सातव्या दिवशी ते स्वच्छ होतं. अडतीस वर्षांच्या आयुष्यात त्याने पहिल्यांदा बाही एक दुमड वर केली आणि कोर्टाच्या खिडकीतून येणारा वारा त्या जागेवर घेतला. वारा कातडीला न खाजवता लागतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर नकलेसाठी उभ्या असलेल्या भागोजी नावाच्या पक्षकाराला वाटलं, आपल्या दाव्याची हकिकत वाचून साहेब रडले. तो भारावून नमस्कार करून गेला.

मग कोपरं. मग घोटे. भाद्रपदात घाटात दरड कोसळली आणि डॉक्टर आले नाहीत. घटस्थापनेच्या सुमारास उकाडा सुरू झाला, उमाच्या घोट्यांना पुन्हा चट्टे उठले, पाणी सुटलं. वासंतीने ट्यूब काढली. ती कागदासारखी चपटी झाली होती.

"एवढी ट्यूब दीड महिन्यात उडवलीत?" यमुनाबाई कडाडल्या. "पोळीला तूप लावत्येस की मुलीला औषध?"

वासंतीने ट्यूब उलटसुलट करून पाहिली. एकदा तिने चिंतामणीकडेही पाहिलं. चिंतामणी कॅलेंडर वाचत होता. "मीच जास्ती लावलं असेल," ती म्हणाली.

अष्टमीला उमा पहाटेच उठून बसली. हिरवा परकर, दोन वेण्या, अबोलीचा गजरा. घोट्यांवर वासंतीने खोबरेल लावून दिलं होतं, पण चट्टे काही लपत नव्हते. सगळे वरच्या मजल्यावर गेले. मालनकाकूंनी पाच पाट मांडले होते. चार मुली बसल्या आणि पाचव्या पाटावर, कडेला, उमा. काकू हातात तांब्या घेऊन, परात सरकवत एकेकीचे पाय धूत पुढे येत होत्या. उमाने सरावाप्रमाणे परकर सावरला आणि पाय पुढे केले.

मालनकाकूंचा हात थांबला.

बाई वाईट नव्हत्या. पण घरात सून पोटुशी, आणि माणसाला भीती वाटायला किती वेळ लागतो? त्यांनी तांब्या जरा उंच धरला, की वरूनच धार सोडावी. मागून कुणाची तरी आई कुजबुजली, "लागेल हो एखादीला." आणि यमुनाबाईंनी, सवयीने, "तिच्या आईकडून आलंय ते," असं म्हणून टाकलं.

उमाने सगळ्यांकडे पाहिलं. मग पाय हळूच परकरात ओढून घेतले आणि शहाण्यासारखं हसून म्हणाली, "माझे राहू देत, काकू. मी घरूनच धुऊन आल्येय."

दाराशी उभ्या असलेल्या चिंतामणीला दुसरीतला वर्ग आठवला. पोहायला सगळी मुलं समुद्रावर गेली होती आणि तो पायमोजे घालून वाळूत बसला होता. बाईंनी विचारल्यावर तो असाच हसून म्हणाला होता, "मी घरूनच पोहून आलोय."

पुढे जे झालं ते त्याने ठरवून केलं नाही. तो आत आला, शेवटच्या पाटाच्या कडेला मुलीशेजारी बसला (पाट एकाच कुमारिकेच्या मापाचा होता, तो करकरला), दोन्ही पायमोजे ओढून काढले, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि पाय परातीत ठेवले. पांढऱ्या, कधी ऊन न पाहिलेल्या त्या पायांवर जुने काळपट चट्टे होते. मलम संपल्यामुळे नवेही डोकावत होते.

"इसब आहे," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, "मला इसब आहे. जन्माचा. हिला माझ्याकडून आलाय, हिच्या आईकडून नाही. आणि तो लागत नाही. लागत असता तर वासंतीला लागला असता. नऊ वर्षं ती माझ्या ताटातलं उष्टं खात्येय, माझे कपडे धुत्येय. बघा तिचे हात."

सगळ्यांनी वासंतीचे हात पाहिले. तिने ते पुढे केले. कामाने राठ झालेले, पण स्वच्छ हात होते.

मालनकाकू तांब्या घेऊन तशाच उभ्या होत्या. अष्टमीच्या दिवशी मिशीवाली कुमारिका त्यांनी प्रथमच पाहिली असावी. "चिंतामणराव," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमचे पाय मी धुणार नाही हो. वयाने चाळिशीला आलात. उठा बघू, पाट मोडाल." मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी उमाचा उजवा पाय आपल्या दोन्ही हातांत घेतला. "दुखेल का गो?"

"नाही. फक्त घासू नका. टिपून पुसा." उमाने डॉक्टरांसारखी मान हलवली. "आणि मग थोडं खोबरेल लावलंत तरी चालेल."

काकूंनी खोबरेल लावलं. कुंकवाचं स्वस्तिक चट्ट्यापासून दूर, पावलावर काढलं. ते काढताना त्यांचे डोळे भरून आले आणि एक रेघ वाकडी झाली. उमाला ती सगळ्यांत छान वाटली.

घरी आल्यावर यमुनाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "तुझं लग्न व्हावं म्हणून रे सांगितलं होतं तसं." थोड्या वेळाने त्यांनीच पुन्हा तोंड उघडलं. "वासंती, मी फार बोलल्ये गो तुला." आणि पदर डोळ्यांना लावला.

वासंती स्वयंपाकघरात खीर ढवळत होती. चिंतामणी तिच्यामागे उघड्या पायांनी येऊन उभा राहिला. पुढचं सांगणं सगळ्यांत कठीण होतं.

"ती ट्यूब... मी संपवली."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"मी खालून दाबत्ये. मधून दाबणारं घरात दुसरं कोण?" तिने वळून पाहिलं नाही. "आणि इसबाचं म्हणाल तर लग्नातच कळलं. चीक म्हणालात वैशाखात. मार्गशीर्षात अंतरपाट काढून तुमचा हात हातात दिला, तेव्हाही तो तसाच. सात महिने टिकतो तो चीक कसला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबल्ये." पळी थांबली. "उमा झाल्यावर वाटलं, आता सांगतील. तिचं बारसं झालं. ती शाळेत गेली. रोज सकाळी वाटायचं, आज सांगतील."

चिंतामणी खाली फरशीवर बसला. त्याला रडू आलं, आणि ते चांगलं मोठ्याने आलं. वासंतीने चुलीवरचं पातेलं उतरवलं, त्याच्यासमोर बसली आणि आपल्या पदराने त्याचं तोंड पुसलं. घासून नव्हे, टिपून. "पुरे," ती म्हणाली. "परवा डॉक्टर येतील तेव्हा दोन ट्यूबा मागू. तुमची वेगळी."

त्याला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तीस वर्षांचं ओझं उतरलं. आता लपवण्यासारखं काही म्हणजे काही उरलं नाही, असं तो म्हणालासुद्धा.

"तेच म्हणत्ये मी," वासंती खीर वाढता वाढता सहज म्हणाली. "इसबाचं मला काही वाटलं नाही हो. बाबांनी तुमच्या त्या पावसच्या कलमांकडे बघून मुलगी दिली, आणि ती तर खरीच आहेत. आता एकदा त्या दाव्याचा निकाल काय लागतो ते बघा. उमालाही वाटतं, आपली सात झाडं बघावीत."

चिंतामणीची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली, आणि उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर जाऊन कराकरा खाजवू लागला.

उमा बांगड्या वाजवत धावत आली आणि तिने त्याचा हात धरला.

"खाजवायचं नाही, बाबा," ती म्हणाली. "थोपटायचं."